पोटावरच्या पेठा

बाबा पोस्टमन. पत्ता असला की त्यांना धीर यायचा.
अकराव्या वर्षी मी रास्ता पेठेतल्या वॉर्डातून
सिरिंजांचा पुडा घेऊन घरी आले,
तेव्हा त्यांनी निळ्या बॉलपेननं
माझ्या पोटावर पुणं काढलं.
बेंबी म्हणजे सिटी पोस्ट.
तिच्यापासून दोन बोटं सोडून
उजवीकडे सोमवार, त्याखाली मंगळवार,
शुक्रवार डाव्या कुशीला,
शनिवार-रविवार मांड्यांवर, नदीपलीकडे.
"एकाच दारात रोज टपाल टाकायचं नाही,"
म्हणाले, "दार कंटाळतं."

रेघा पहिल्याच आंघोळीत गेल्या.
पेठा राहिल्या.

बुधवारात दुखायचं नाही,
म्हणून पाचवी ते आठवी मी चोरून तिथंच टोचत राहिले.
आता तिथं गाठ आहे,
लिंबाएवढी, बहिरी.
टपाल घेते, पोचवत नाही.
सिस्टर मार्था गायकवाडांनी ती बोटांनी चाचपली
आणि रागावल्या नाहीत,
ते जास्त लागलं.
त्या एवढंच म्हणाल्या, औषध फ्रिजमधून काढलंस की
थोडा वेळ मुठीत धर, गार औषध चावतं.
पोट आवळू नको.
रक्त आलं तर दाब, चोळू नको,
आणि रक्त आलं म्हणजे तू चुकलीस असं नाही गं,
वाटेत एखादी बारीक शीर होती.

आता पंप आहे. दर तिसऱ्या दिवशी नवी कॅन्युला,
खोबरेल लावून जुनी चिकटपट्टी सोडवायची,
केसांसकट.
काढताना कधी काहीच येत नाही,
कधी खडकवासल्यातून पाणी सोडल्यासारखं.
एका टॉवेलाचा कोपरा कायमचा तपकिरी आहे,
तो पाहुण्यांना देत नाही.

लक्ष्मी रोडवर मी साड्या दाखवते.
गेल्या गुरुवारी गठ्ठा उचलताना
काउंटरची कड नेमकी तिथंच घासली.
मोतिया रंगाच्या इरकलीवर एक ठिपका,
तिळाएवढा.
गिऱ्हाईक बाई काठ बघत होत्या.
मी "मागे दुसरा काठ आहे" म्हणून साडी उचलून आत गेले.
आपलं रक्त आपल्याच थुंकीनं निघतं,
असं पिको-फॉलवाल्या द्वारकाबाई म्हणतात.
निघालं.
साडी चार वाजता पूर्ण किमतीला गेली.
माझी साखर तीनशे बारा,
नळीत लाल धागा.
बाथरूममध्ये, हँडबॅग दातांत धरून,
सोमवारात नवी सुई.

खालच्या मजल्यावर रेहान शिकलगार, आठ वर्षांचा,
मार्चपासून.
त्याची आई त्याला वर घेऊन आली.
"दीदी, तुम्हीच सांगा, मुंगी चावल्यासारखं असतं ना?"

मलाही मुंगीच सांगितली होती.
मुंगी दिवसातून चार वेळा,
तीस वर्षं, वेळेवर येत नाही.

म्हटलं, दुखतं.
कधी कळतही नाही, कधी डोळ्यांत पाणी येतं.
ओरडायचं असेल तर ओरड,
मी गॅलरीचं दार लावून घेते.
त्याच्या आईनं माझ्याकडे असं पाहिलं,
जसं मी पैसे मागितले.
मग ती स्वतःच उठली
आणि गॅलरीचं दार लावून आली.

मी बॉलपेन शोधला. काळा मिळाला, चालेल.
बेंबी सिटी पोस्ट. दोन बोटं सोडून सोमवार.
त्याला गुदगुल्या झाल्या.
"तुमचा बुधवार दाखवा," तो म्हणाला.
दाखवला. त्यानं एका बोटानं दाबला,
वडील धार लावलेलं पातं तपासतात तसा, जपून.
"दुखतं?"
नाही.
"अजिबात नाही?"
अजिबात नाही.

तो जरा गप्प राहिला.
"मग ते वाईट आहे ना?"

हो.

"आज वार कोणता?"
मंगळवार.

शर्टाचं टोक दातांत धरून
तो ताठ उभा राहिला.
पोट आवळू नको, मी म्हटलं.
त्यानं सोडलं.